छापील स्कर्ट घेताना आधी काठ बघ

प्रश्न भुसावळच्या एका मुलीचा आहे. परदेशातली एक बाई एकटीने लोलिता पद्धतीच्या, म्हणजे जपानी धाटणीच्या झालरी-लेसच्या फुगीर कपड्यांचा छोटा ब्रँड चालवते. वाचनालयाच्या कपाटांत झोपलेली मांजरं असं चित्र तिने स्वतः काढलं आहे आणि ते छापलेला स्कर्ट ती आगाऊ नोंदणीवर विकते आहे. किंमत 85 डॉलर, टपालखर्च 28 डॉलर, हातात यायला चार ते पाच महिने. कंबर 66 ते 76 सेंटिमीटर, लांबी 58. मुलीची कंबर 29 इंच, उंची पाच फूट एक इंच. तिला विचारायचं आहे ते असं: हा मला बसेल का? एवढे पैसे घालावेत का? आई म्हणते तेच चित्र सुरतला छापून जळगावात कुणाकडून शिवून घे, तर ते जमेल का? आणि भुसावळच्या उन्हात असला फुगीर स्कर्ट घालायचा कधी?

मी जळगावात 26 वर्षं शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, घागरे हे रोजचं काम. गेली नऊ वर्षं या जपानी धाटणीचे स्कर्टही माझ्याकडे येतात, कधी कंबर सैल करायला, कधी कॅनकॅन, म्हणजे स्कर्ट फुगवायला आत घालायचा ताठ परकर शिवायला, कधी नवीन बेतायला. तीस-पस्तीस तरी उलटेपालटे करून पाहिले असतील. त्या अनुभवावरून सांगते.

तुझे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मुळात प्रश्न एकच आहे: या स्कर्टात तू नेमके कशाचे पैसे देते आहेस? बेल्ट, चेन, अस्तर, चुण्या हे सगळं इथली कुठलीही चांगली कारागीर करून देईल. पैसे जातात ते चित्राचे, आणि ते चित्र कापडावर कुठे बसवलं आहे त्याचे. म्हणून मांजरं किती गोड आहेत हे बघून झालं की काठ बघ. हो, साडीचा बघतात तसाच.

असा पहिला स्कर्ट माझ्याकडे आला तो एका कॉलेजच्या मुलीने जपानमधून वापरलेला मागवला होता, अँजेलिक प्रिटी या मोठ्या जपानी ब्रँडचा. कंबर घट्ट होत होती. मी तो उलटा करून टेबलावर पसरला. शेजारी अमळनेरकडच्या एक आजी ब्लाऊजसाठी थांबल्या होत्या. त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "हाऊ ते आपला परकरच शे!" आजींचं अक्षरशः बरोबर होतं. लहानपणी आईच्या जुन्या साडीचा परकर शिवायचे तो आठव. साडी मधोमध उभी फाडायची, एक काठ एका बहिणीला, दुसरा दुसरीला. काठ खाली, वरच्या कडेला चुण्या, त्यावर नेफा. कापायचं काहीच नाही, सगळे सरळ चौकोन. काठाला छापलेलं चित्र असलेला लोलिता स्कर्ट बेततात तो याच रीतीने.

याचं कारण समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चित्र कापडाच्या किनारीला समांतर छापलेलं असतं. मांजरांची कपाटं कापडाच्या लांबीने एकामागे एक जातात. म्हणजे स्कर्टाचा घेर कापडाच्या लांबीतून येतो आणि स्कर्टाची उंची पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून. कापड छत्रीसारखं गोल किंवा कळ्यांत कापलं तर खालची कड वळते, आणि सरळ छापलेला काठ तिथेच तुटतो. म्हणून असा स्कर्ट चौकोनीच राहतो आणि सगळा घेर कंबरेला चुण्यांत किंवा प्लेट्समध्ये गोळा करावा लागतो. जपानी छापील सुती कापडाचा पन्हा बहुधा 110 सेंटिमीटर. दोन्ही किनारींना चित्र छापलं तर एका बाजूला जास्तीत जास्त 55 सेंटिमीटर येतात. त्यातून शिवणीची माया गेली, खाली लेस लागली, वर बेल्ट लागला, की 58 ची लांबी येते. तुझ्या स्कर्टाची लांबी 58 का, हे त्या बाईने विचार करून ठरवलंच असेल, पण निम्मं पन्ह्याने ठरवलेलं असतं.

आता घेर. आत कॅनकॅन घालून स्कर्ट घंटेसारखा उभा राहायचा तर खालचा घेर अडीच मीटरच्या आसपास हवा. तुझ्या कंबरेला अडीच मीटर म्हणजे तिपटीहून जास्त चुण्या. घेर दीड-पावणेदोन मीटरच असेल तर कॅनकॅन आतून ताणून धरतो, स्कर्ट दिव्याच्या शेडसारखा दिसतो आणि बसलं की वर चढतो. बऱ्याच छोट्या ब्रँडांच्या मापांच्या तक्त्यात घेर लिहिलेलाच नसतो. कापड महाग, म्हणून पहिली काटकसर तिथेच होते. तिला हा आकडा विचार. जिने मनापासून शिवलं आहे ती बाई तो लगेच सांगते.

यापुढे शिवण. घेर अडीच मीटर म्हणजे चित्र तीन-चार वेळा पुन्हा येणार आणि कुठेतरी दोन तुकडे जोडले जाणार. फुलं-पानं असती तर जोड लपला असता. तुझ्या स्कर्टावर वाचनालयाची कपाटं आहेत, म्हणजे आडव्या फळ्या. फळी एका बाजूला एक सूत जरी वर-खाली गेली तर लांबूनही दिसेल. बाजूच्या शिवणीत मांजराचं तोंड अर्धं कापलं गेलं तरी दिसेल. मोठ्या जपानी ब्रँडांचे जुने स्कर्ट मी उलटून पाहिले, त्यांत जोड शोधावा लागतो. चेन लावलेल्या शिवणीतही चित्र जुळवलेलं असतं, आणि ते काम फार किचकट असतं, माझं मला ठाऊक आहे. छोट्या ब्रँडकडून एवढी अपेक्षा ठेवावी का? ठेवावी. तू साडेसात-आठ हजारांच्या घरातला कपडा घेते आहेस. चेनजवळ थोडं सरकलेलं मी माफ करेन. समोरून दिसणाऱ्या जोडात नाही.

हे बघायचं तर खरा शिवलेला नमुना लागतो, आणि इथेच मुली फसतात. आगाऊ नोंदणीच्या वेळी दाखवलेलं चित्र पुष्कळदा संगणकावर बनवलेलं असतं. स्कर्टाची रेघारेघांची आकृती आणि त्यावर चिकटवलेलं छापील चित्र. खोट्या स्कर्टाला चुण्या पडल्या तरी मांजरं सपाटच राहतात, घडीत वळत नाहीत. ती खूण बघ. असं चित्र दाखवणं म्हणजे लबाडी नव्हे, छोट्या व्यवसायाला आधी नमुना शिवणं महाग पडतं. पण नमुना शिवायच्या आधी पैसे मागणारीला मी सबंध रक्कम देणार नाही. तिच्याकडून तीन फोटो मागव: बाजूच्या शिवणीचा जवळून, आतल्या बाजूचा अस्तरासकट, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरलेल्या कापडाचा. खिडकीशी धरलेल्या फोटोत रंग खरा कळतो आणि कापड किती विरळ आहे तेही.

कापडाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आईने सुरतेचं नाव काढलं आहे. ताप्ती लाइनने सकाळी निघालं की दुपारपर्यंत सुरत. माझ्या घागऱ्यांचं निम्मं कापड तिथूनच येतं. सुरतेचं छापील कापड मुख्यतः पॉलिस्टर, आणि त्यावरची डिजिटल छपाई बहुधा कागदावरून गरम दाबाने उतरवलेली, तिला सब्लिमेशन म्हणतात. ती पॉलिस्टरवरच बसते, सुतीवर धरत नाही. रंग झगझगीत येतात, बारीक रेघ सुंदर उठते, धुऊन जात नाही. मागची बाजू मात्र पांढरट राहते आणि चुण्या उलगडल्या की ती डोकावते. सुती कापडावर चांगली छपाई रिअॅक्टिव्ह रंगांची. छापल्यावर वाफ देतात, धुतात, रंग धाग्याच्या आत जाऊन पक्का होतो. तिसरी पिगमेंटची, तीत रंग कापडाच्या पृष्ठभागावर चिकटतो. ती स्वस्त पडते, थोडक्या मीटरांसाठी सोयीची, म्हणून छोटे ब्रँड ती खूप वापरतात. वाईट असते असं नाही, पण गडद रंगात, चुण्यांच्या टोकाला जिथे सतत घासतं तिथे दोन-तीन वर्षांत पांढुरक्या रेघा दिसू लागतात. तुझ्या स्कर्टाची पार्श्वभूमी गडद तपकिरी आहे म्हणतेस, तर छपाई कुठली हे विचारच. स्कर्ट हातात आल्यावर पांढरा रुमाल ओला करून आतल्या मायेवर घासून बघ. किंचित डाग लागला तर चालेल, पण रुमाल तपकिरीच झाला तर त्यावर पांढरा ब्लाऊज घालायचा विचार सोड.

चित्राचा बारीकपणाही बघायचा. कापडावर खऱ्या मापात छापताना इंचाला साधारण 150 ठिपके लागतात. फोनवर मोहक दिसणारं चित्र अडीच मीटरवर ताणलं की मांजराच्या मिशा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरं वाचता येतात का, हे जवळच्या फोटोत तपास. अक्षरं म्हणजे नुसता गिचमिड वळवळाट असेल, मांजराला पाच पाय असतील, एका कपाटाची फळी दुसऱ्यात विरघळून गेली असेल, तर ते चित्र हाताने काढलेलं नाही, एआयसारख्या यंत्राकडून काढून घेतलेलं आहे. मग 85 डॉलर देण्यासारखं त्यात माझ्या मते काही उरत नाही.

आता आईचा उपाय. तेच चित्र सुरतला छापून मिळेल का? छापून देणारे भेटतील. मी ते कापड हातात घेणार नाही, आणि तूही ते करू नयेस अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या बाईने महिनोन्महिने बसून ती कपाटं काढली आहेत. तिच्यामागे ना दुकान, ना गिरणी. तिचं उत्पन्न त्या एका चित्रातून. मोठ्या ब्रँडांच्या चित्रांच्या नकला करून विकणारे खूप झाले आणि हे कपडे घालणाऱ्या मुली त्या नकला ओळखतात, घालणारीला चांगलं मानत नाहीत. पण लोक काय म्हणतील हे बाजूला ठेवलं तरी, माझ्या बेतलेल्या ब्लाऊजचा गळा शेजारच्या दुकानात जसाच्या तसा दिसला तेव्हा मला जे वाटलं ते मी दुसऱ्या बाईला वाटू देणार नाही.

आईच्या म्हणण्यात एक चांगली गोष्ट मात्र आहे, ती सोडू नको. चित्र स्वतःचं असेल तर सुरत आपल्याला फार जवळ आहे. दोन वर्षांपूर्वी चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने माझ्याकडे स्वतःचा काठ आणला. कपाशीची बोंडं: खाली हिरवी, मध्ये फुटणारी, वर पांढरी उमललेली, मधूनमधून पिवळं फूल. आपल्या खानदेशच्या काळ्या मातीतलंच सगळं. आम्ही चित्राचा एक तुकडा 60 सेंटिमीटरचा धरला, म्हणजे चार वेळा आला की 240 सेंटिमीटर घेर. जोड बोंडाच्या देठावर पाडला. सुती कापडावर छापणारा शोधायला दोन महिने गेले, कारण पाच मीटर म्हटलं की बहुतेकांनी नाही म्हटलं. शेवटी एकाने छापून दिलं आणि तो स्कर्ट माझ्या हातून झालेल्या सगळ्यांत चांगल्या कामांतला आहे. खर्च तुझ्या परदेशी स्कर्टापेक्षा फारसा कमी आला नाही, हेही सांगते. थोडं कापड छापणं जगात कुठेही महागच पडतं. ती बाई 85 डॉलर का मागते आणि चार महिने का थांबवते, त्याचं उत्तर यातच आहे. पुरेशा नोंदण्या जमल्याशिवाय छापखाना हात लावत नाही.

मापाकडे वळू. 29 इंच म्हणजे 73.7 सेंटिमीटर. स्कर्टाची कंबर 66 ते 76 लिहिली आहे, म्हणजे मागच्या बाजूला इलॅस्टिकच्या ओळी आहेत आणि 76 हे इलॅस्टिक पूर्ण ताणल्यावरचं माप. त्यात ब्लाऊज खोचणार, कॅनकॅनचा नेफा आत येणार, त्याला दोन-तीन सेंटिमीटर धर. झाले 76. म्हणजे इलॅस्टिक कायम शेवटपर्यंत ताणलेलं राहणार. तसं राहिलं की मागच्या चुण्या सपाट होतात, चेन ओढली जाते आणि वर्षभरात इलॅस्टिक सैल पडतं. तुला हा स्कर्ट बसेल, पण जेवण झाल्यावर नकोसा होईल. पण छोट्या ब्रँडचा मोठा फायदा इथेच आहे. "बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट" सारखे 1988 पासूनचे मोठे जपानी ब्रँड एका-दोन ठरावीक मापांत शिवतात आणि त्यांना कुणी माप बदलून मागू शकत नाही. एकटी शिवणारी बाई नोंदणीच्या वेळी कंबर चार सेंटिमीटर वाढवून देऊ शकते. चुण्या थोड्या कमी ओढायच्या आणि बेल्ट लांब कापायचा, एवढंच तर आहे. सौजन्याने विचार. जास्तीचे थोडे पैसे मागितले तर दे. आणि माप घेताना आधी कॅनकॅन घाल, ब्लाऊज घाल, मग बेंबीच्या वर जिथे कंबर सगळ्यांत बारीक आहे तिथे टेप धर. आपण जीन्स जिथे घालतो तिथे हा स्कर्ट बसत नाही.

लांबीची काळजी नको. तुझ्या उंचीला 58 म्हणजे नुसता गुडघ्याखाली जरासा येईल आणि कॅनकॅनवर चार-पाच सेंटिमीटर उचलला गेला की गुडघ्यावर बसेल. तो तिथेच हवा.

पण कधी लांबी कमी करायची झाली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, आणि तुझ्या शिंपिणीलाही सांग. माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीचा स्कर्ट मी नेहमीच्या सवयीने खालून दुमडला, पाच सेंटिमीटर. लेस काढून पुन्हा लावली, हातशिलाई अगदी बारीक केली. आणि काठाखालची सोनेरी रेघ सबंध आत गेली. चित्राला पायच उरले नाहीत. उसवून परत केलं, पण दुमडल्याची खूण कापडावर राहिली. त्या मुलीने काही म्हटलं नाही, मला मात्र तो काठ अजून दिसतो. काठाच्या कपड्याला खालून कधी हात लावायचा नाही. कमी करायचं ते वरून, बेल्ट उसवून. लांब करायचं तर खाली काही जोडू नये, आतून लेस लावलेला वेगळा पातळ परकर घालावा. या मुली तसंच करतात आणि ते शोभतंही. साडीचा काठ कापून साडी आखूड करायचा विचार आपण कधी करतो का? तसंच हे.

लेसचं एका वाक्यात सांगते: सुती क्रोशाची किंवा जाड उठावाची केमिकल लेस असेल तर उत्तम, नायलॉनची चकचकीत, बोटाला खरखरणारी असेल तर ती उसवून इथल्या बाजारातली सुती लेस लावून घे, दोन तासांचं काम आहे.

आता पैसे. डॉलर 90 रुपयांच्या घरात धरला तर 113 डॉलरचे दहा हजारांवर जातात. बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहाराचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे लागतात. त्यावर जकात. टपालाने आलेल्या पार्सलवर ती लागते आणि ती देऊनच पोस्टमन पार्सल हातात देतो. खाजगी कुरियर असेल तर त्याचं हाताळणीचं बिल निराळं. मी मुलींना सांगते, स्कर्टाच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी बाजूला काढून ठेवा. कमी लागली तर आनंदच. "भेटवस्तू असं लिहून पाठवा" असं तिला सांगू नको. भेट म्हणून जकात न भरता सामान मागवण्याची सोय डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळून. किंमत कमी लिहायलाही सांगू नको. पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळते.

कार्डाचं एक आधीच बघून ठेव. मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन तो स्वतः सुरू करावा लागतो. आईचं कार्ड वापरणार असशील तर आईला समोर बसवून कर. नोंदणी ठरावीक वेळेला उघडते आणि कार्ड नाकारलं गेलं म्हणून रडणाऱ्या दोन मुली मी पाहिल्या आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुदत. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेने पैसे दिले तर वस्तू न आल्याची तक्रार पैसे दिल्यापासून 180 दिवसांत करता येते. तिने चार ते पाच महिने म्हटले आहेत, म्हणजे 150 दिवस. एक महिना उशीर झाला की संपलं. हे मी स्वतः भोगलं आहे. एका छोट्या ब्रँडकडून मी कापडाचा अभ्यास करायला म्हणून एक स्कर्ट मागवला होता. आधी छापखान्याचं कारण, मग आजारपण, मग सणाची सुट्टी. मी माणुसकीने थांबले. आठव्या महिन्यात उत्तरं यायची बंद झाली आणि तोवर तक्रारीची मुदत केव्हाच उलटली होती. त्या बाईला फसवायचं होतं असं मला आजही वाटत नाही, ती बुडाली असावी. पण पैसे गेले ते गेले. म्हणून आता मी सांगते, निम्मे आता आणि निम्मे स्कर्ट शिवून झाल्यावर असं जमतं का ते विचार. चीनमधले छोटे ब्रँड हे रीतच म्हणून करतात, आधी इसारा, माल तयार झाला की बाकी. तिला जमत नसेल तर 150 व्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेव. त्या दिवशी स्कर्ट टपालात पडल्याचा क्रमांक नसेल तर गोड शब्दांत पैसे परत माग, नाही दिले तर तक्रार कर. सोशिकपणा दाखवायची ती जागा नव्हे.

उन्हाबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हा स्कर्ट घालू नको, एवढं सरळ उत्तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. त्यातही त्रास स्कर्टाने होत नाही, आतल्या कॅनकॅनने होतो. लग्नाच्या घागऱ्यात घालतात ती कडक नायलॉन जाळी टोचते, हवा कोंडते आणि मांड्यांवर घामोळं आणते. त्याऐवजी ऑर्गंडीचा, म्हणजे पातळ पण ताठ सुती कापडाचा तीन थरांचा परकर शिवून घे. वरचा थर साधा, खालच्या दोन थरांना दुप्पट-तिप्पट चुण्या. हलकी खळ दे. नायलॉनएवढा फुगत नाही, पण आपल्या हवेत दिवसभर अंगावर राहतो, आणि बसलं की चुरचुर आवाज येत नाही. त्याची लांबी स्कर्टापेक्षा पाच सेंटिमीटर कमी ठेव, म्हणजे खालून डोकावणार नाही. आत सुती गुडघ्यापर्यंतची चड्डी हवीच. भुसावळ स्टेशनच्या पुलावर वारा कसा असतो ते तुला माहीत आहे.

धुण्याचं. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, साबणाची पूड त्यात नीट विरघळत नाही आणि गडद रंगावर पांढरी राख बसल्यासारखी दिसते. पातळ साबण वापर, गार पाणी, एकटा धू, पिळू नको. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळ्या मावश्या सांगतील. तयार छापील कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही, रंगवताना मिठाचं काम असतं, नंतर नाही. वाळत घालायचा तो उलटा करून, सावलीत. एप्रिलचं एक दुपारचं ऊन मांजरांना म्हातारं करायला पुरेसं आहे.

आणि आईला नावामुळे काही शंका असेल तर तिला फोटो दाखव. हा पेहराव टोकियोच्या हाराजुकू भागातल्या मुलींनी स्वतःच्या आवडीने घडवला, जुन्या काळच्या युरोपी कपड्यांवरून. 'लोलिता' नावाची जी इंग्रजी कादंबरी आहे, तिच्यातल्या गोष्टीशी या पेहरावाचा संबंध नाही, आणि ज्या मुली हे घालतात त्या अंगभर ब्लाऊज, गुडघ्यापर्यंत स्कर्ट, पायांत मोजे अशाच असतात. माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक आईने आधी नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या आणि मग कापड हातात घेऊन विचारलं की घेर किती आहे.

तर तुझ्यापुरतं माझं मत: घे, पण आज पैसे भरू नको. आज तिला लिही. खालचा घेर किती, छपाई कुठल्या रंगांची, कंबर 80 पर्यंत करून मिळेल का, निम्मे पैसे नंतर चालतील का, आणि बाजूच्या शिवणीचा फोटो. घेर 240 च्या वर असेल आणि फळ्या जुळलेल्या असतील तर दहा हजारांत तुला आयुष्यभर जपण्यासारखा कपडा मिळतो आहे. शिवणीचा फोटो द्यायला ती टाळाटाळ करत असेल तर सोडून दे. फोटो आला की मला पाठव, मी बघून सांगते. ऑर्गंडीचा परकर मात्र आधी शिवून घे, स्कर्टाचं माप तो घालूनच द्यायचं आहे.